पुढारी आणि कर्णधार

ज्याच्या हाती दहा माणसे दिली आहेत त्याला काय म्हणावे, याची मराठीत वाण नाही. पुढारी, नायक, म्होरक्या, मुकादम, प्रमुख आणि कर्णधार! वर्गात हे शब्द आले की मी मुलांना शेवटच्या शब्दापाशी क्षणभर थांबवतो. पुढारी म्हणजे पुढे चालणारा, हे कुणालाही कळते. पण कर्णधार? संस्कृतात 'कर्ण' म्हणजे जसा कान, तसेच 'कर्ण' म्हणजे नावेचे सुकाणू. ते धरून बसतो तो कर्णधार. आणि सुकाणू असते कोठे? नावेच्या मागच्या टोकाला!

म्हणजे पहा, पुढारी पुढे असतो आणि पाठीमागे काय चालले आहे ते मान वळवल्याखेरीज त्याला दिसत नाही. कर्णधार मागे बसतो. नावेतला प्रत्येक जण त्याच्या डोळ्यांसमोर असतो. कोण दमला, कोणाचे वल्हे नुसतेच पाण्यावरून फिरते आहे, आणि हाती वल्हे आले नाही म्हणून कोण कोपऱ्यात मुकाट बसून आहे, हे सारे त्याला दिसते.

शब्दांचा हा खेळ मला एका प्रश्नासाठी हवा होता. कचेरीत, शाळेत, सोसायटीच्या कमिटीवर किंवा घरात, आपणापैकी प्रत्येकाच्या हाती केव्हा ना केव्हा चार माणसे येतातच. त्यांच्यातले जे उत्तम आहे ते बाहेर काढायचे, तर नेमके पहावे कोणाकडे? आपण सगळे पाहतो ते जोराने वल्हे मारणाऱ्याकडे. माझे म्हणणे असे की, पहावे ते कोपऱ्यात बसलेल्याकडे. हे म्हणणे पटवून देण्यासाठी मला फार दूर जावे लागत नाही. उदाहरण आमच्या नेरूळमध्येच, घरापासून हाकेच्या अंतरावर घडले आहे.

राखीव शहरातली रात्र

२ नोव्हेंबर २०२५ चा तो रविवार. डॉ. डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिलांच्या एकदिवसीय क्रिकेटच्या विश्वचषकाचा अंतिम सामना होता. भारत विरुद्ध दक्षिण आफ्रिका. आम्ही घरचे सगळे दूरचित्रवाणीसमोर बसलो होतो. मौज अशी की, मैदान इतके जवळ की प्रेक्षकांचा जल्लोष खिडकीतून आधी ऐकू यायचा आणि चेंडू पडद्यावर मागाहून पडायचा. गलका ऐकू आला की आमची कन्या ओरडे, "बाबा, काहीतरी झालं!" आणि मग काय झाले ते पाहायला आम्ही सारे श्वास रोखून बसत असू.

पावसाने खेळ दोन तास उशिरा सुरू झाला आणि संपला तेव्हा मध्यरात्र झाली होती. भारताने ७ बाद २९८ धावा केल्या आणि दक्षिण आफ्रिकेला २४६ धावांत गुंडाळले. २००५ आणि २०१७ या दोन्ही साली अंतिम सामन्यात येऊन हरलेल्या आपल्या मुलींनी पहिल्यांदाच हा चषक उचलला.

या यशात एक योगायोग असा, की हे सामने आमच्या शहराच्या वाट्याचे नव्हतेच. मुळात ते बंगळूरला ठरले होते. स्पर्धा महिन्यावर आली असताना, ऑगस्टमध्ये, ते नवी मुंबईकडे आले. १९७० साली सिडको स्थापन झाली ती मुंबईवरचा भार हलका करण्यासाठी. तेव्हापासून आमच्या शहराने राखीव खेळाडूचीच भूमिका केली आहे. पण राखीव असणे म्हणजे कमी असणे नव्हे. २००८ पासून उभे असलेले मैदान तयार होते, म्हणूनच ऐन वेळी हाक आली तेव्हा ओ देता आली.

पॅड बांधून बसलेला मुलगा

या संघाचे प्रशिक्षक होते अमोल मुझुमदार. त्यांची कथा मुंबईच्या मैदानांवर वाढलेल्या माझ्या पिढीला पाठ आहे. पण ज्यांना क्रिकेटचे वेड नाही अशा भगिनींसाठी ती थोडक्यात सांगतो.

फेब्रुवारी १९८८. आझाद मैदानावर हॅरिस शील्डचा शालेय सामना. शारदाश्रमकडून सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी खेळायला उतरले आणि दोघांनी मिळून नाबाद ६६४ धावांची भागीदारी केली. सचिन नाबाद ३२६, विनोद नाबाद ३४९. हे आकडे सर्वांना ठाऊक आहेत. पण त्याच वेळी पुढचा फलंदाज म्हणून एक तेरा वर्षांचा मुलगा पायाला पॅड बांधून सीमेबाहेर बसला होता. त्याची पाळी आलीच नाही. तो मुलगा म्हणजे अमोल मुझुमदार.

पुढे १९९३-९४ च्या हंगामात या मुलाने मुंबईकडून रणजी करंडकात पदार्पण केले आणि हरियाणाविरुद्ध पहिल्याच डावात २६० धावा काढल्या. प्रथम श्रेणीच्या पदार्पणातला तो जागतिक विक्रम जवळजवळ पंचवीस वर्षे टिकला. एकंदर १७१ सामने, ११,१६७ धावा, ३० शतके. आणि भारताकडून सामने? एकही नाही. तेंडुलकर, द्रविड, गांगुली, लक्ष्मण अशी माणसे मधल्या फळीत ठाण मांडून बसली होती. दार वाजवणारा उत्तम होता, पण आत जागाच नव्हती. शाळेच्या मैदानावर दोन दिवस बांधलेले ते पॅड जणू वीस वर्षे सुटले नाहीत.

असल्या माणसाचे दोनच प्रकार होऊ शकतात. एक, मनात कडवटपणा साठवून प्रत्येक नव्या मुलाला "आमच्या वेळी..." म्हणून टोचणारा. असे गृहस्थ आपण सगळ्यांनीच पाहिले आहेत. कचेरीत ते बहुधा खिडकीजवळच्या टेबलाशी असतात! दुसरा, बाहेर बसलेल्याच्या पोटात काय कालवते ते स्वतः भोगलेले असल्यामुळे त्याला कधीही न विसरणारा. मुझुमदार दुसऱ्या प्रकारचे निघाले, असे त्यांच्या कामावरून मला वाटते.

२००६-०७ साली ते मुंबईचे कर्णधार होते. हंगामातले पहिले तीन सामने मुंबई हरली. बडोद्याविरुद्धच्या उपान्त्य सामन्यात तर दुसऱ्या डावात धावफलकावर शून्य धावा आणि पाच गडी बाद, असे दृश्य होते. तरी तो सामना मुंबईने जिंकला आणि बंगालला हरवून रणजी करंडकही घरी आणला. तेव्हा तीन पराभव म्हणजे शेवट नव्हे, हे या माणसाने पुस्तकात वाचलेले नव्हते.

चार धावांची हार

ऑक्टोबर २०२३ मध्ये महिला संघ त्यांच्या हाती आला, आणि दोन वर्षांनी विश्वचषकात नेमके तेच संकट समोर उभे राहिले. दक्षिण आफ्रिकेकडून हार, ऑस्ट्रेलियाकडून हार, आणि १९ ऑक्टोबर २०२५ रोजी इंदूरला इंग्लंडकडून अवघ्या चार धावांनी हार. त्या रात्री घरोघरी दुसऱ्या दिवशीच्या अभ्यंगस्नानाची तयारी चालली होती. आमच्याकडे चिवड्याचा डबा उघडाच राहिला, इतका तो पराभव जिव्हारी लागला. हातात आलेला सामना आपण सोडला होता.

त्या रात्री खेळाडूंच्या खोलीत काय झाले ते पुढे कर्णधार हरमनप्रीत कौर हिनेच सांगितले. आपण एक शब्दही बोललो नाही, जे बोलायचे ते सर बोलले, असे तिचे म्हणणे. सामना शेवटपर्यंत नेऊन संपवायला हवा होता, हे त्यांनी स्पष्ट शब्दांत सुनावले. आणि कोणी रागावले नाही. कारण हा माणूस बोलतो ते पोटतिडकीने, हे सगळ्यांना माहीत होते.

येथे थोडे थांबतो. हल्ली 'माणसे सांभाळून घ्यावीत' असा उपदेश फार होतो आणि पुष्कळांना त्याचा अर्थ 'कोणाला काही बोलू नये' असा वाटतो. सांभाळून घेणे आणि गोंजारणे यांत अंतर आहे. आई मुलाला रागावते आणि शेजारीण रागावते. शब्द तेच असले तरी मूल दोन्हींत फरक करते. बोलणाऱ्याने आधी माणसाच्या खात्यात काही जमा केलेले असेल, तरच रागाची रक्कम त्यातून काढता येते. ज्याने वर्षभर कधी नावाने हाक मारली नाही, त्याने एकदम सुनावले तर तो उपदेश राहत नाही, अपमान होतो.

वगळलेली आणि विसरलेली

आता मुख्य गोष्टीकडे येतो. इंदूरच्या त्या सामन्यात जेमिमा रॉड्रिग्ज संघात नव्हती. मुंबईची ही गुणी फलंदाज स्पर्धेत दोनदा शून्यावर बाद झाली होती. शिवाय एक गोलंदाज वाढवायचा म्हणून तिला वगळले. निर्णय कठोर होता, पण असे निर्णय घ्यावेच लागतात. अकरा जागांत पंधरा जणी बसत नाहीत.

प्रश्न वगळण्याचा नसतोच, वगळल्यानंतरचा असतो. चारच दिवसांनी, २३ ऑक्टोबरला, नेरूळच्या मैदानावर न्यूझीलंडविरुद्ध जेमिमा परत आली. आणि आली ती कशी? पूर्वी खाली खेळत असलेली मुलगी आता तिसऱ्या क्रमांकावर, म्हणजे अधिक मानाच्या आणि अधिक जबाबदारीच्या जागेवर! तिने नाबाद ७६ धावा केल्या. आपण घेतलेला निर्णय आठवड्याच्या आत बदलणे पुष्कळ अधिकाऱ्यांना कमीपणाचे वाटते. 'मी एकदा सांगितले म्हणजे सांगितले' या वाक्यात किती कचेऱ्यांची आणि किती संसारांची माती झाली असेल! येथे कोणाचा अहंकार आड आला नाही.

३० ऑक्टोबरला उपान्त्य सामना, समोर ऑस्ट्रेलिया, आणि जिंकायला ३३९ धावा. महिलांच्या एकदिवसीय क्रिकेटमध्ये एवढा पाठलाग तोवर कोणी केलेला नव्हता. मुझुमदारांनी खोलीतल्या फळ्यावर एवढेच लिहिले, की त्यांच्यापेक्षा एक धाव अधिक केली की आपण अंतिम सामन्यात. आम्हा मास्तरांना फळा मिळाला की तो भरून टाकण्याची खोड असते. म्हणून मला या एका ओळीचे फार कौतुक वाटले. डोंगराएवढे काम सांगताना त्यांनी त्याचे माप लहान केले.

आपण तिसऱ्या क्रमांकावर जाणार हे जेमिमाला त्या दिवशी मैदानात उतरण्याआधी पाचच मिनिटे कळले. ती गेली आणि १३४ चेंडूंत नाबाद १२७ धावा करूनच परतली. हरमनप्रीतच्या ८९ धावांसह दोघींनी १६७ धावांची भागी केली. सामन्यानंतर ती रडत रडत बोलली, की या स्पर्धेत आपण रोज रडत होतो, मन सैरभैर होते, आईशी बोलत होतो, मैत्रिणी सोबत बसत होत्या. वगळलेल्या माणसावर काय गुदरते, आणि त्याच्याजवळ कोणी बसणारे असले तर तो काय करू शकतो, हे एका वाक्यात सांगितले तिने.

दुसरी मुलगी शफाली वर्मा. ही तर संघातही नव्हती आणि राखीव यादीतही नव्हती. सलामीची प्रतिका रावल बांगलादेशाविरुद्धच्या सामन्यात घसरून जायबंदी झाली म्हणून उपान्त्य सामन्याच्या तोंडावर शफालीला बोलावणे गेले. अंतिम सामन्यात तिने ७८ चेंडूंत ८७ धावा काढल्या. नंतर दक्षिण आफ्रिकेचा जम बसू लागला तेव्हा हरमनप्रीतने चेंडू तिच्याच हाती दिला. शफाली काही नेहमीची गोलंदाज नव्हे. पण तिला पाहून आतून वाटले की आज हिचा दिवस आहे, असे कर्णधार मागाहून म्हणाली. शफालीने पहिल्याच षटकात लूसला आणि पुढच्या षटकात कॅपला तंबूत पाठवले. सामन्याची मानकरी तीच ठरली. दीप्ती शर्माचे पाच बळी आणि ५८ धावा हे संघाचे नेहमीचे नाणे. पण हातात येईल अशी कोणाचीच अपेक्षा नव्हती ते नाणे म्हणजे शफाली.

आणि तिसरी, प्रतिका. बदली खेळाडू आल्यावर पंधरा जणींच्या यादीतून तिचे नाव गेले होते. पण विजयानंतर ती चाकांच्या खुर्चीत, खांद्यावर तिरंगा घेऊन, मैत्रिणींच्या मधोमध होती. इतकेच नव्हे, तर झूलन गोस्वामी, मिताली राज, अंजुम चोप्रा या जुन्या खेळाडूंच्या हाती मुलींनी तो चषक दिला. ज्यांनी आयुष्यभर वल्ही मारली आणि किनारा ज्यांना दिसला नाही, त्यांनाही नावेत जागा होती. मग हरमनप्रीतने वाकून मुझुमदारांच्या पायांना हात लावला, तेव्हा आमच्या घरात कोणीच काही बोलेना.

मग हरले असते तर?

आमच्या शेजारचे एक निवृत्त गृहस्थ मला म्हणाले, "मास्तर, जिंकले म्हणून तुम्ही हे सगळे सांगता. जेमिमाचा ८२ वर झेल सुटला नसता, तर?"

आक्षेप खरा आहे. विजय हा नेतृत्वाचा पुरावा मानला तर प्रत्येक नशीबवान माणूस थोर ठरेल. झेल सुटला नसता तर कदाचित भारत हरला असता. पण वगळलेल्या मुलीला चार दिवसांत वरची जागा दिली, हे त्या झेलाच्या आधी घडले होते. दुखावलेली मुलगी खुर्चीत बसून का होईना, संघाची राहिली, यात नाण्याच्या छापा-काट्याचा संबंध नव्हता. नशीब आपल्या हाती नाही. ते येईल तेव्हा आपला माणूस पॅड बांधून तयार असावा, आणि नुसता पायांनी नव्हे तर मनानेही तयार असावा, एवढेच कर्णधाराच्या हाती असते.

आपल्या नावेत

आमच्या महाविद्यालयाच्या एकांकिकेचे काम बरीच वर्षे माझ्याकडे आहे. पात्रे सात-आठ आणि येणारी मुले तीस. मी एक नियम ठेवला आहे. निवडलेल्यांची नावे फलकावर लागण्यापूर्वी, ज्यांची निवड झाली नाही त्या प्रत्येकाला समोर बसवून कारण सांगायचे, आणि त्याच बैठकीत त्याला दुसरे खरे काम द्यायचे. नुसते 'तूही असशील रे आमच्यात' नव्हे. प्रकाशयोजना, संगीत, नेपथ्य, ज्याच्या अंगी जे असेल ते. यात दोन संध्याकाळी जातात. एका वर्षी असाच एक मुलगा प्रकाशयोजनेला राहिला. शेवटच्या दिवशी तो म्हणाला, "सर, तुम्ही नाही म्हणालात त्याचं वाईट वाटलं होतं. पण कारण सांगितलंत, म्हणून थांबलो." हे वाक्य मी कोणत्याही पारितोषिकापेक्षा वरच्या फळीवर ठेवले आहे.

आता हेच घरात आणून पहा. फराळाच्या वेळी चकलीचा सोऱ्या कोणाच्या हाती असतो? ज्या सुनेच्या चकल्या पहिल्या वर्षी मऊ पडल्या, तिला पुढे कायमचे लसूण सोलायला बसवलेले असते. दोन मुलांत एक हुशार ठरला, की दुसऱ्याला बाजारात पाठवण्यापलीकडे कोणी काही विचारत नाही. कचेरीत एकदा चुकलेल्या कारकुनाकडे पुन्हा महत्त्वाची फाईल जात नाही. सोसायटीच्या सभेत तेच तिघे बोलतात. आपण यांना वगळतो असे नव्हे, आपण यांना विसरतो. वगळलेला माणूस परत येऊ शकतो. विसरलेला कोठून येणार? त्याने पॅड केव्हाच सोडून ठेवलेले असतात.

म्हणून माझी विनंती अशी की, या दिवाळीत आपापल्या नावेत एकदा मागच्या टोकाला जाऊन बसावे. जो उत्तम वल्हे मारतो आहे त्याला मारू द्यावे. त्याला आपली गरज थोडी आहे. कोपऱ्यात कोण बसले आहे ते पहावे. त्याला तो तेथे का आहे ते खरेपणाने सांगावे. मग त्याच्या हाती काहीतरी द्यावे. ते काम लहान असले तरी चालेल, पण खरे असावे, आणि त्याने ते केले नाही तर नावेला जाणवेल असे असावे. पहिल्या वर्षी चकली मऊ पडेल. पडू द्यावी. सोऱ्या मात्र परत मागून घेऊ नये.